चारशे प्रती आणि पाच हजार डॉलरचं इनाम

१८३१ सालच्या अखेरीला बॉस्टनचे महापौर हॅरिसन ग्रे ओटिस यांच्याकडे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून तक्रारी येऊ लागल्या. तुमच्या शहरातून एक साप्ताहिक निघतं, ते आमच्या गुलामांची डोकी भडकवतं, त्याचा काही बंदोबस्त करा, असा त्यांचा सूर. ओटिस चक्रावले. शहरातल्या बड्या लोकांत त्यांची ऊठबस, पण या पत्राचं नाव त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं आणि ओळखीपाळखीत एकही वर्गणीदार नव्हता. त्यांनी माणसं पाठवून चौकशी केली. निरोप आला की हा संपादक एका कोपऱ्यातल्या खोलीत बसतो, हाताखाली एक काळा पोऱ्या आहे आणि पाठीराखे म्हणाल तर चार किरकोळ माणसं. महापौरांनी तक्रारदारांना कळवून टाकलं, काळजी करण्यासारखं काही नाही.

त्याच हिवाळ्यात जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळानं मात्र ठराव केला. या संपादकाला पकडून, जॉर्जियाच्या कायद्याखाली खटला चालवून जो शिक्षा देववील त्याला ५,००० डॉलर इनाम.

पत्राचं नाव ‘लिबरेटर’. संपादक, अर्धा मालक, जुळारी आणि वेळ पडली तर यंत्राचा दांडा ओढणारा गडी, अशा सगळ्या भूमिकांत विल्यम लॉइड गॅरिसन. वय २६. पहिला अंक निघाला होता ४०० प्रतींचा. शेजारच्या गल्लीत ज्याची खबर नाही ते पत्र हजारएक मैलांवरच्या विधिमंडळाच्या डोळ्यांत सलायला लागलं कसं? गॅरिसनच्या चरित्रातला मला हा सगळ्यांत रंजक प्रश्न वाटतो. त्याच्या तत्त्वांवर आणि भाषणांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण तो मुळात छापखान्यातला माणूस, आणि या प्रश्नाचं उत्तरही छापखान्याच्या व्यवहारातच सापडतं.

न्यूबरीपोर्ट हे मॅसॅच्युसेट्समधलं एक बंदर. तिथे १८०५ च्या डिसेंबरात गॅरिसन जन्मला. बाप अबायजा दर्यावर्दी. १८०७ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी परदेशी व्यापारावर बंदी घातली, तेव्हा जहाजं धक्क्याला अडकून पडली आणि खलाशांच्या हाताला काम उरलं नाही. अबायजा दारूत बुडाला आणि १८०८ साली घर सोडून गेला तो गेलाच. आई फॅनी कडक बाप्टिस्ट. ती आजाऱ्यांची शुश्रूषा करून पोट भरायची. पोरगा काकवीच्या वड्या रस्त्यावर विकायचा आणि एका श्रीमंताघरचं उरलंसुरलं अन्न डब्यात घालून आणायचा. पुढे त्याला आधी चांभाराकडे, मग सुताराकडे ठेवून पाहिलं. पहिलं काम त्याच्या अंगाला झेपेना आणि दुसरीकडून तो पळून आला. शेवटी १८१८ साली ‘न्यूबरीपोर्ट हेरल्ड’चे मालक एफ्राइम अ‍ॅलन यांच्याकडे सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून लागला. शाळा जेमतेम झालेली. इथून पुढचं शिक्षण खिळ्यांनी केलं.

हे अलंकारिक वाटेल, पण नाही. हातानं खिळे जुळवायचे म्हणजे काय, ते नीट पाहिलं तर कळेल. जुळाऱ्यापुढे उतरती, खणाखणांची लाकडी पेटी. वरच्या पेटीत इंग्रजी मोठी अक्षरं, खालच्या पेटीत छोटी. जे अक्षर जास्त लागतं त्याचा खण मोठा आणि हाताजवळ. ‘ई’चा सगळ्यांत मोठा. डाव्या हातात लोखंडी पट्टी. उजव्या हातानं एकेक खिळा न बघता उचलायचा, त्याची खाच बोटाला चाचपायची आणि पट्टीत बसवायचा. अक्षरं उलटी, आणि वाचायचीही उलटीच. ओळ भरत आली की शब्दांमधल्या पट्ट्या कमीजास्त करून ती घट्ट बसवायची. छापून झालं की प्रत्येक खिळा पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात. (आपल्या देवनागरी जुळाऱ्याचे हाल विचारूच नका. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून शेकडो खण त्याला पाठ असावे लागत.) जो माणूस सात वर्षं दुसऱ्यांचे अग्रलेख असे अक्षर-अक्षर उचलून लावतो, त्याला शुद्धलेखन शिकवावं लागत नाही. वाक्य कुठे सैल पडलं आहे, ते त्याच्या बोटांना कळतं.

१८२२ साली या उमेदवारानं एक लेख निनावी लिहून मालकांकडे टपालानं पाठवला. विषय होता लग्न न करण्यातलं शहाणपण, आणि लेखकानं स्वतःला म्हातारा ब्रह्मचारी म्हणवून घेतलेलं. वय वर्षं सोळा! अ‍ॅलन यांना लेख आवडला. त्यांनी तो जुळणीला दिला तो नेमका गॅरिसनकडेच. आपलाच लेख चेहऱ्यावर काही न दाखवता त्यानं जुळवला.

करार संपल्यावर त्यानं गावातच ‘फ्री प्रेस’ नावाचं पत्र चालवून पाहिलं. ते बुडालं. त्यात एका शेतकऱ्याच्या पोराची कविता त्यानं पहिल्यांदा छापली होती. तो पोरगा म्हणजे पुढे नावाजलेला कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर. मग बॉस्टनला दारूबंदीचा पुरस्कार करणारं एक पत्र, मग व्हरमाँट राज्यात आणखी एक. सुधारणेच्या पत्रांतून असा तो फिरत राहिला. १८२८ साली बॉस्टनमधल्या एका खाणावळवजा घरात त्याची गाठ बेंजामिन लंडीशी पडली आणि आयुष्याला दिशा लागली.

लंडी हा क्वेकर पंथाचा, धंद्यानं खोगीर बनवणारा, कानांनी जवळजवळ बहिरा. गुलामगिरीविरुद्ध तो ‘जीनियस ऑफ युनिव्हर्सल इमॅन्सिपेशन’ हे पत्र चालवायचा. चालवायचा कसा, तर पत्राचं शीर्षक आणि छपाईचं किरकोळ साहित्य पेटीत घालून गावोगाव पायी हिंडायचा आणि जिथे छापखाना मिळेल तिथे अंक काढायचा. १८२९ साली गॅरिसन त्याच्या मदतीला बाल्टिमोरला गेला. बाल्टिमोर मेरीलँडमध्ये, म्हणजे गुलामगिरीच्या मुलखात. गुलामांचा बाजार तिथे त्यानं रोज उठून पाहिला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतंत्र कृष्णवर्णीयांशी त्याचा घरोबा झाला. तोवर त्याला वाटत होतं की गुलामांना हळूहळू मोकळं करावं आणि आफ्रिकेत नेऊन वसवावं. त्या काळच्या भल्या गोऱ्या माणसांचं मत हेच होतं. आम्ही इथेच जन्मलो, हा देश आमचाही आहे, असं तोंडावर सांगणारी माणसं भेटली तेव्हा ते मत टिकलं नाही. गॅरिसनच्या मोठेपणाचा अर्धा वाटा मी या शिक्षकांना देईन.

बाल्टिमोरला त्यानं एक भानगड ओढवून घेतली. त्याच्याच गावच्या फ्रान्सिस टॉड या जहाजमालकाच्या गलबतातून ७५ गुलाम न्यू ऑर्लिन्सला विकायला नेले गेले. गॅरिसननं नाव घेऊन झोडलं. बदनामीचा खटला झाला आणि ५० डॉलर दंड, वर कोर्टखर्च ठोठावला गेला. खिशात दमडी नव्हती, म्हणून तुरुंगवास. ४९ दिवसांनी न्यूयॉर्कचे व्यापारी आर्थर टॅपन यांनी पैसे भरले तेव्हा तो सुटला. मधल्या काळात कोठडीच्या भिंतीवर कविता लिहून झाल्या होत्या.

सुटून आल्यावर त्यानं बॉस्टनला स्वतःचं पत्र काढायचं ठरवलं. भांडवल शून्य. भागीदार आयझॅक नॅप, तोही न्यूबरीपोर्टचा, तोही मुद्रकच. दुसऱ्या एका नियतकालिकाच्या छापखान्यात दिवसा राबायचं आणि त्या बदल्यात रात्री त्यांचे खिळे वापरायचे, असा पहिल्या काही अंकांचा सौदा होता. १ जानेवारी १८३१ ला पहिला अंक निघाला: चार पानं, वर्षाची वर्गणी दोन डॉलर. एका इंचानंही मागे हटणार नाही आणि माझं ऐकलं जाईलच, असं त्यात त्यानं बजावलं. थोड्या दिवसांत जुने खिळे आणि एक हातयंत्र मिळालं. छपाई, जुळणी, लेखन, अंकांच्या घड्या घालणं आणि झोप, सगळं मर्चंट्स हॉल या इमारतीतल्या एकाच खोलीत. जेवण म्हणजे पाव, दूध आणि थोडी फळं.

त्या खोलीत गॅरिसनची एक खोड पक्की झाली. अग्रलेख तो पुष्कळदा कागदावर उतरवायचाच नाही. पेटीसमोर उभा राहायचा आणि डोक्यातलं वाक्य सरळ पट्टीत जुळवत जायचा. हस्तलिखित नाही, पहिला खर्डा नाही. अशा माणसाची शैली काटकसरी असेल असं कुणालाही वाटेल, कारण प्रत्येक अक्षर उचलावं लागतं आणि परतही टाकावं लागतं. पण गॅरिसनचा हात भलता सढळ. मोठी अक्षरं, तिरपी अक्षरं, उद्गारचिन्हांच्या रांगा! मित्र सांगायचे, बाबा रे, जरा सौम्य लिही. तो म्हणायचा, माझ्याभोवती बर्फाचे डोंगर आहेत, ते वितळवायला मला पेटलेलं राहणं भाग आहे.

१८३१ हे साल मराठी मुद्रणालाही ओळखीचं आहे. बॉस्टनच्याच एका धर्मप्रसारक मंडळानं पाठवलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत छापखाना घातला होता. तिथलं काम बघून गणपत कृष्णाजी या हिकमती माणसानं स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली छापील पंचांग काढलं. पुढच्या वर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. नेमक्या त्याच तारखेला बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागृहाच्या तळघरात गॅरिसन आणि त्याचे मूठभर सोबती जमले आणि त्यांनी न्यू इंग्लंड गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन केली. योगायोगाला योगायोगाहून जास्त किंमत देऊ नये. मात्र दोन्हीकडे तेच हातयंत्र, तोच ओला कागद आणि दोन माणसं राबली तर तासाला दोनएकशे ताव हाच वेग होता, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता पैशांचं. पहिले अंक निघाले आणि कागदाला पैसे उरले नाहीत. अशा वेळी फिलाडेल्फियाहून जेम्स फोर्टन यांचं पत्र आलं, सोबत २७ वर्गणीदारांचे ५४ डॉलर. फोर्टन हे जहाजांची शिडं बनवणारे मोठे कारखानदार, कृष्णवर्णीय. यापुढेही बराच काळ ‘लिबरेटर’ जगला तो अशाच वाचकांवर. १८३४ च्या सुमाराला त्याच्या वर्गणीदारांतले सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. नाभिक, खलाशी, मोलकरणी, जुन्या कपड्यांचे व्यापारी. दोन डॉलर ही त्यांच्यासाठी दोन-तीन दिवसांची मजुरी. गोऱ्या संपादकाच्या धाडसाची गोष्ट सांगताना ही बाजू तळटीपेत जाते. खरं तर पत्राचे खरे मालक हेच. त्यांची स्वतःची वाणीही आधीपासून होती. ‘फ्रीडम्स जर्नल’ हे कृष्णवर्णीयांनी चालवलेलं पहिलं पत्र १८२७ सालचं, आणि डेव्हिड वॉकर या बॉस्टनच्या जुन्या कपड्यांच्या विक्रेत्याचं जळजळीत ‘अपील’ १८२९ सालचं. गॅरिसन पहिला नव्हता, आणि आपण पहिले असल्याचा आव त्यानं आणला नाही.

पण तीनेक हजारांच्या वर ‘लिबरेटर’चा खप कधीच गेला नाही. मग ते इनाम?

याचं उत्तर अमेरिकेच्या टपाल कायद्यात आहे. १७९२ च्या कायद्यानं वर्तमानपत्रांच्या मालकांना एक सवलत दिली होती: एका पत्रानं दुसऱ्या पत्राला आपला अंक टपालानं पाठवला तर त्याला हशील नाही. तारायंत्र नाही, वृत्तसंस्था नाहीत, बातमीदार परवडत नाहीत. त्यामुळे संपादकाचं हुकमी हत्यार म्हणजे कात्री. बॉस्टनचा अंक दक्षिणेतल्या चार्ल्स्टनला, चार्ल्स्टनचा न्यूयॉर्कला, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा मजकूर कापून आपल्या पत्रात छापायचा. उचलेगिरी म्हणून कुणी याकडे बघत नसे. तो रीतसर शिरस्ता होता. गॅरिसन या व्यवहारातच लहानाचा मोठा झालेला. त्यानं आपला अंक दक्षिणेतल्या संपादकांना नेमानं धाडला. तिथला संपादक अंक उघडी, संतापे, त्यातला सर्वांत जहाल उतारा आपल्या पत्रात छापी आणि खाली शिव्यांची लाखोली वाही. तो अंक टपालानं उलट बॉस्टनला येई. गॅरिसन ती लाखोली जशीच्या तशी आपल्या पत्रात छापी आणि त्यावर उत्तर देई. ते उत्तर पुन्हा दक्षिणेत. पुढे पुढे त्यानं विरोधकांच्या मजकुराला पहिल्याच पानावर कायमची जागा दिली. सदराचं नाव ‘रेफ्यूज ऑफ ऑप्रेशन’. गुलामांच्या मालकांची भाषणं, पाद्र्यांनी गुलामगिरीला शोधून दिलेले शास्त्राधार, संपादकांच्या धमक्या, काहीही कापाकापी न करता. वणव्यावर फुंकर घालणारे दक्षिणेत बसले होते आणि फुंकरीचा हिशेब बॉस्टनच्या खोलीत ठेवला जात होता.

त्यात १८३१ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामानं बंड केलं. पन्नासावर गोरी माणसं मारली गेली. सूड म्हणून त्याहून कितीतरी जास्त कृष्णवर्णीय मारले गेले. टर्नरनं ‘लिबरेटर’ पाहिल्याचा कसलाही पुरावा नाही, आणि गॅरिसन तर हिंसेच्या ठाम विरोधात. पण आपल्याकडचे गुलाम सुखात आहेत, अशी ज्यांची श्रद्धा होती त्यांना बंडाचा कर्ता बाहेरचा असणं सोयीचं होतं. म्हणून महापौरांना पत्रं, म्हणून जॉर्जियाचं इनाम. राजधानीला लागून असलेल्या जॉर्जटाउन गावानं तर नियमच केला की कुणा स्वतंत्र कृष्णवर्णीयानं टपालघरातून ‘लिबरेटर’चा अंक घेतला तर दंड किंवा कैद. इतकी जाहिरात पैसे मोजून मिळाली नसती.

या जाहिरातीची किंमत २१ ऑक्टोबर १८३५ ला चुकवावी लागली. बॉस्टनमधल्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेची सभा होती आणि जॉर्ज थॉम्प्सन हा इंग्रज वक्ता तिथे बोलणार अशी हूल उठली होती. थॉम्प्सनवर लोकांचा भलताच राग. सभेबाहेर हजारोंचा जमाव, आणि त्यात गुंडच नव्हे, चांगले कपडे घातलेले व्यापारीही. दक्षिणेच्या कापसावर त्यांच्या गिरण्या आणि पेढ्या चाललेल्या. थॉम्प्सन हाती लागला नाही, तेव्हा जमाव गॅरिसनकडे वळला. तो मागच्या खिडकीतून उतरून एका सुताराच्या दुकानात लपला. तिथे तो सापडला. अंगाला दोर बांधून त्याला रस्त्यावर ओढलं. दोघा धिप्पाड भावांनी त्याला जमावातून खेचून सरकारी इमारतीत नेलं तेव्हा अंगावर चिंध्या उरल्या होत्या. कुणी विजार दिली, कुणी कोट, कुणी टोपी. त्या वेळच्या महापौरांनी त्याला सुरक्षित ठेवायला म्हणून तुरुंगात पाठवलं, आणि कागदोपत्री आरोप ठेवला तो शांतताभंगाचा. त्यानं कोठडीच्या भिंतीवर पुन्हा एकदा चार ओळी लिहिल्या.

तो निसटलेला थॉम्प्सन आपल्याला परका नाही. पुढे तो द्वारकानाथ टागोरांबरोबर कलकत्त्याला आला. आणि इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केलेल्या साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांची बाजू लंडनमध्ये जोरानं मांडणाऱ्यांत तो होता. महाराजांचे वकील रंगो बापूजी तेव्हा लंडनला ठाण मांडून बसले होते. बॉस्टनच्या जमावाला ज्याची मान हवी होती तो माणूस कंपनी सरकारच्या भागधारकांपुढे सातारच्या गादीसाठी भांडत होता! गॅरिसननं आपल्या एका मुलाचं नाव जॉर्ज थॉम्प्सन ठेवलं, यावरून दोघांचं मैत्र कळावं.

त्या दिवसांत छापखाना चालवणं हे जिवावरचं काम होतं. इलिनॉयमधल्या ऑल्टन गावात एलायजा लव्हजॉय या संपादकाची यंत्रं जमावानं तीनदा मोडली. १८३७ साली चौथं वाचवताना त्याला गोळी घातली. ‘लिबरेटर’ मात्र एकही आठवडा चुकला नाही. नॅप दारू आणि कर्ज यांत खचून बाजूला झाला, छपाई पुढे दुसऱ्या मुद्रकांकडे गेली, पण पेटीसमोर उभं राहायची गॅरिसनची सवय गेली नाही. कार्यालयात उमेदवारी करणाऱ्यांत विल्यम नेल नावाचा कृष्णवर्णीय मुलगा होता. पुढे तो इतिहासकार झाला. मराया स्ट्युअर्ट या कृष्णवर्णीय स्त्रीचे लेख ‘लिबरेटर’नं १८३१ पासूनच छापले. १८४० साली लंडनच्या जागतिक परिषदेत स्त्री प्रतिनिधींना बसू दिलं नाही, तेव्हा समुद्र ओलांडून गेलेला गॅरिसन एक शब्दही न बोलता त्यांच्याबरोबर सज्जात जाऊन बसला. त्या परिषदेतलं सगळ्यांत गाजलेलं भाषण हेच, असं मी म्हणेन.

आता त्याची दुसरी बाजू. गॅरिसनशी जमवून घेणं महाकठीण. निवडणुका नकोत, पक्ष नकोत, चर्चशी तडजोड नको, राज्यघटनाच गुलामगिरीला पाठीशी घालते म्हणून तीही नको. १८५४ च्या ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, फ्रेमिंगहॅमच्या सभेत त्यानं घटनेची प्रत जाळली. पुष्कळ जुने सहकारी १८४० लाच फुटून निघाले होते. सर्वांत वाईट वागला तो फ्रेडरिक डग्लसशी. गुलामीतून पळून आलेल्या डग्लसला न्यू बेडफर्डमध्ये ‘लिबरेटर’ वाचायला मिळाला, १८४१ साली नॅन्टकेट बेटावर गॅरिसननं त्याचं भाषण ऐकलं, १८४५ साली त्याच्या आत्मचरित्राला प्रस्तावना लिहिली. पण १८४७ साली डग्लसनं स्वतःचं ‘नॉर्थ स्टार’ काढायचं ठरवलं तेव्हा गॅरिसनचा पाठिंबा आटला. घटनेविषयी डग्लसचं मत बदलल्यावर तर वैरच जडलं, आणि १८५३ साली ‘लिबरेटर’नं त्याच्या घरगुती आयुष्यावरही शिंतोडे उडवले. दुसऱ्यांना मोकळं करायला निघालेल्या संपादकाला आपल्याच वर्गणीदारानं आपल्यापासून मोकळं व्हावं, हे सोसलं नाही.

१८६१ ला उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं आणि चित्र उलटलं. शांततावादी गॅरिसननं राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या युद्धाला पाठिंबा दिला. त्याच्या थोरल्या मुलाचं, ज्याचं नाव थॉम्प्सनवरून ठेवलं होतं त्याचं, मन सैन्याकडे ओढू लागलं तेव्हाही त्यानं स्वतःचं मत सांगून निर्णय मुलावर सोडला. १४ एप्रिल १८६५ ला चार्ल्स्टन बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर संघराज्याचं निशाण पुन्हा चढलं, त्या समारंभाला सरकारनं त्याला पाहुणा म्हणून नेलं. तीस वर्षांपूर्वी याच चार्ल्स्टनमध्ये टपालघरातली गुलामगिरीविरोधी पत्रकं लुटून लोकांनी होळी केली होती. त्याच रात्री वॉशिंग्टनला लिंकनवर गोळी झाडली गेली.

डिसेंबरात गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती जाहीर झाली आणि २९ डिसेंबर १८६५ ला ‘लिबरेटर’चा १,८२० वा, शेवटचा अंक निघाला. बावन्न आठवडे गुणिले पस्तीस वर्षं. एकही खाडा नाही. शेवटचा मजकूर गॅरिसननं स्वतः जुळवला. काम झालं, दुकान बंद.

काम झालं होतं का? गॅरिसनचा सहकारी वेंडेल फिलिप्स आणि डग्लस यांचं म्हणणं होतं की कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळेपर्यंत गुलामगिरीविरोधी संघटना मोडता कामा नये. गॅरिसननं ती विसर्जित करण्याचा ठराव मांडला, ठराव बहुमतानं पडला आणि गॅरिसन बाहेर पडला. पुढची शंभर वर्षं दक्षिणेत काय झालं ते पाहता बरोबर फिलिप्स आणि डग्लस होते. गॅरिसननं गुलामगिरी जेवढी ओळखली तेवढी तिच्यामागून येणारी अवस्था ओळखली नाही. सगळी हयात एका शत्रूवर नेम धरून काढलेल्या माणसाचं असं होतं, आणि संपादकांचं जरा जास्तच होतं.

आपल्याकडे त्या लढ्याची नोंद कुणी घेतली, हेही सांगायला हवं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी निःस्वार्थपणे झटून निग्रोंना दास्यातून सोडवलं. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही इच्छाही तिथेच नोंदवली. तेव्हा गॅरिसन हयात होता. पुढे चारच वर्षांत, १८७७ साली, कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढलं. वर्गणीदार तुटपुंजे, खर्च डोक्यावर, प्रतिष्ठितांच्या लेखी अस्तित्व नसलेलं पत्र. बॉस्टनच्या वाचकाला त्याची ओळख लगेच पटली असती.

२४ मे १८७९ ला गॅरिसन वारला. त्याच्या आदल्या वर्षी, उमेदवारीला साठ वर्षं झाली म्हणून, तो न्यूबरीपोर्टला ‘हेरल्ड’च्या छापखान्यात गेला होता आणि पेटीसमोर उभं राहून त्यानं जुळणी केली होती.

त्याच्या मुलांनी वडिलांची पत्रं बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली आणि ‘लिबरेटर’चे अंक आता आंतरजालावर फुकट वाचता येतात. कधी वाचायला घेतलेत तर गॅरिसनचे अग्रलेख मागाहून वाचा. आधी पहिल्या पानावरचं ‘रेफ्यूज ऑफ ऑप्रेशन’ उघडा. सभ्य, सुशिक्षित, देवभीरू माणसं गुलामगिरीची तरफदारी कशी करत होती, ते त्यांच्याच शब्दांत तिथे आहे, आणि त्यातली बरीच वाक्यं ओळखीची वाटतील.